पोरांना प्लेट टेक्टॉनिक्स शिकवायचंय? दूध, वीट आणि सायकलची ट्यूब घ्या

पुतणी परीक्षेसाठी "भूपट्ट म्हणजे काय" हे तोंडपाठ करत होती. भूपट्ट म्हणजेच प्लेट, पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे मोठाले तुकडे, आणि ते सरकतात कसे ते म्हणजे प्लेट टेक्टॉनिक्स. मी सहज विचारलं, की मग आपलं जळगाव सरकतंय का? तर म्हणे नाही काका, ते तिकडे जपानला असतं. तेव्हा ठरवलं की हे पुस्तकातून नाही, स्वयंपाकघरातूनच शिकवायचं. दोन रविवार गेले त्यात आणि काही प्रयोग फसले पण, जे जमले ते सांगतो.

पहिलं दूध. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं, वर जाड साय धरलेलं, पसरट पातेल्यात, आणि साय मोडू न देता गॅसवर असं ठेवायचं की पातेल्याची एकच बाजू आचेवर येईल. गॅस अगदी बारीक. आमच्या मायनं बघितलं आणि सुरू झाली, "हाई काय करी राहिना रे तू, दूध काय खेयाले शे का?" पण पाच मिनिटांनी तीच वाकून बघत होती. गरम बाजूची साय आधी फुगते, मग फाटते, तुकडे हळूहळू थंड बाजूला सरकतात आणि तिथं एकमेकांवर चढून सुरकुत्या पडतात. फाटलं तिथं समजा अटलांटिक महासागराच्या तळाशी मधोमध असलेली डोंगररांग, सुरकुत्या पडल्या तिथं हिमालय.

आता इथं एक चूक सगळेच करतात, मी पण केली. पोरांच्या डोक्यात बसतं की जमिनीखाली लाव्ह्याचा समुद्र आहे आणि आपण त्यावर तरंगतोय. तसं नाही ना. खालचं प्रावरण, म्हणजे प्लेटच्या खालचा जाड थर, हे बहुतेक घट्ट खडकच आहे, फक्त इतका तापलेला की लाखो वर्षांत सावकाश वाहतो. उन्हाळ्यात गुळाची भेली कशी, हातोडीनं फोडली तर तुकडे होतात पण मे महिन्यात कोपऱ्यात पडून राहिली तर आपोआप बसकण मारते, तसं. दूध दाखवून झालं की हे सांगायचंच, नाहीतर दूध दाखवून नुकसानच जास्त.

आणि प्लेट ढकलली कमी जाते, ओढली जास्त जाते. त्यासाठी गोधडी. खाटेवर पसरायची आणि एका बाजूनं हळूहळू खाली लोंबवत जायची, एका टप्प्यानंतर हात सोडला तरी उरलेली सरसर सरकते. समुद्राखालची प्लेट जुनी झाली की थंड आणि जड होते, दुसऱ्या प्लेटखाली बुडायला लागते आणि मागची सगळी ओढून नेते. जपान, इंडोनेशिया, चिली इकडे हेच चाललंय.

मग स्पीड. भारताची प्लेट वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर उत्तर-ईशान्येला जाते, नखं वाढतात त्याहून थोडं जास्त. पुतणी 10 वर्षांची, म्हणजे तिच्या जन्मापासून आम्ही घरादारासकट अर्धा मीटर सरकलो. टेप घेऊन भिंतीवर खूण करायला लावली. लगेच प्रश्न आला, मग शेताचा बांध का नाही सरकत? अगं, शेजाऱ्याचं शेत पण त्याच प्लेटवर आहे, बांध सरकला तर तो शेजाऱ्यानंच सरकवलाय.

आता खरा प्रयोग, बाकी काही नाही केलं तरी हा कराच. अर्धी वीट, खाली खरखरीत फरशी किंवा पॉलिशपेपर, विटेला सुतळी, सुतळीच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. विटेवर चार काडेपेट्या उभ्या रचायच्या. आता ट्यूब एकदम सावकाश, एका लयीत ओढायची. ट्यूब ताणते, ताणते, वीट हलतच नाही, पोरं कंटाळतात, आणि मग खर्रकन वीट चार बोटं पुढं उडी मारते, काडेपेट्या आडव्या. हाच भूकंप. प्लेट रोज थोडी थोडी सरकते पण भेगेपाशी खडक अडकून बसतात, ताण साठत जातो आणि सुटतो तेव्हा काही सेकंदांत सुटतो.

दहा वेळा ओढायला लावा आणि प्रत्येक उडी वहीत लिहा. आमच्याकडं एक दोन बोटांची, एक सहा बोटांची, मध्ये एकदा तर तीन छोट्या पाठोपाठ. वीट तीच, ट्यूब तीच, हात तोच, तरी पुढची उडी कधी ते कुणालाच सांगता आलं नाही. त्यामुळं "उद्या रात्री भूकंप, सगळ्यांना पाठवा" असा फॉरवर्ड आला की पुतणीच आता ग्रुपवर उत्तर देते.

आपण तर प्लेटच्या मधोमध, मग आपल्याला काय टेन्शन, असं वाटतं. पण भारत हिमालयापाशी अडलाय, तरी पुढं सरकणं चालूच आहे, तर मधल्या जुन्या भेगांवर पण ताण येतो. 30 सप्टेंबर 1993 चं किल्लारी असंच, 26 जानेवारी 2001 चं भूज पण कडेपासून लांबच. आणि आपल्या उशाशी सातपुड्यात 14 मार्च 1938 ला सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला होता, हे खान्देशात कितीजणांना माहितीय? नर्मदा आणि तापी दोघी उलट्या पश्चिमेला जातात त्या याच भेगाळलेल्या, खचलेल्या पट्ट्यातून. काडेपेट्यांच्या जागी एकदा ओल्या मातीचा गोळा ठेवून बघा, दोन काड्यांवर. धाब्याच्या घरांवर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवत जातात, ते वजन हादऱ्यात कुठं येतं ते लगेच कळतं. किल्लारीत जड छप्पर आणि दगडमातीच्या भिंतींनीच जास्त माणसं मेली.

शेवटचा प्रयोग अगरबत्तीचा, मोठं माणूस सोबत पाहिजे. पेटलेली अगरबत्ती एका जागी स्थिर धरायची आणि तिच्यावरून वर्तमानपत्राचा कागद थांबत थांबत पुढं न्यायचा. एका रांगेत भोकं पडतात. अगरबत्ती म्हणजे हिंदी महासागरातला रियुनियन बेटाखालचा हॉटस्पॉट, म्हणजे खोलवरून लाव्हा वर येत राहणारी जागा, कागद म्हणजे आपली प्लेट. बहुतेक भूवैज्ञानिक मानतात की 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपण त्याच्यावरून जात होतो तेव्हा दख्खनचा लाव्हा ओतला गेला, आणि नंतरची भोकं म्हणजे लक्षद्वीप, मालदीव अशी रांग. आता पृथ्वीगोल काढा. जळगाव साधारण 21 अंश उत्तर. रियुनियन साधारण 21 अंश दक्षिण. मधलं अंतर बोटानं मोजायला लावा, पुतणी गप्पच झाली होती.

हे झालं की फिरायला. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना कापलेल्या डोंगरात आडवे थर दिसतात, एकेक थर म्हणजे एकेक लाव्ह्याचा लोट, गाडी मात्र वळणावर उभी करू नका. धुळे-नंदुरबारकडं भिंतीसारख्या लांबच लांब काळ्या टेकड्या दिसल्या तर तो भेगेत घुसून थिजलेला लाव्हा, वरचं झिजलं आणि ती भिंत उरली. अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. खाली ज्वालामुखी आहे का असं पोरं विचारणारच, तर नाही, पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. थर्मामीटर नेलं तर तापाचं नेऊ नका, आमचं फुटलं.