स्टेनोफिला बार्बेरी फुलत नाही? या चुका टाळा

जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा उधळावा, तसं इंग्लंडमधलं स्टेनोफिला बार्बेरीचं कुंपण एप्रिल-मे महिन्यात पिवळंधमक होतं. हे संकरित झुडूप. त्याचे आईबाप दोघेही दक्षिण अमेरिकेतले: एक डार्विनी, जी 1835 मध्ये बीगल जहाजाच्या सफरीत चार्ल्स डार्विनला चिलीत सापडली, आणि दुसरी बुटकी, बारीक पानांची एम्पेट्रिफोलिया. 1860 च्या सुमारास शेफिल्डच्या एका रोपवाटिकेत त्यांचा हा संकर तयार झाला. झुडूप काटक आहे, बारा महिने हिरवं राहतं. तरीही "फुलंच येत नाहीत" ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि नव्वद टक्के वेळा दोष कात्रीचा असतो.

माझंही तेच झालं होतं. नव्या घरात आलो तो सप्टेंबर. शेजारीपाजारी कुंपणं छाटत होते, म्हणून मीही यंत्र फिरवून आमची बार्बेरी पेटीसारखी चौकोनी केली. पुढच्या एप्रिलमध्ये फुलं दिसली ती फक्त आत, यंत्र पोहोचलं नव्हतं तिथे. या झुडपाला फुलं येतात ती मागच्या उन्हाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर. शरद ऋतूत छाटणी केली, की पुढच्या वर्षीचा बहरच कापून टाकला म्हणून समजा. छाटायचं ते फुलं गळल्यावर लगेच.

इथे एक पेच आहे. नेमके तेच दिवस पक्ष्यांच्या घरट्यांचे, आणि अशी काटेरी झुडपं त्यांना फार आवडतात. वापरातलं घरटं मोडणं हा ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आधी फांद्या बाजूला सारून आत नीट बघा. घरटं दिसलं तर पिल्लं उडून जाईपर्यंत झुडपाला हात लावू नका. उशीर झाला तर त्या वर्षीची छाटणी सोडून द्या. एक वर्ष न छाटल्याने बार्बेरीचं काही बिघडत नाही.

चौकोनी आकाराचा हट्टही सोडा. या झुडपाचं सगळं रूप त्याच्या कमानीसारख्या झुकलेल्या फांद्यांत आहे. शेंडे सपाट करण्याऐवजी सगळ्यात जुन्या फांद्या निवडून पार बुडाशी कापा. फार माजलेलं झुडूप असेल तर दरवर्षी एक-तृतीयांश, असं तीन वर्षांत उरका. कापलेल्या फांदीचं टोक जरूर बघा, आतून ते हळदीसारखं पिवळं असतं. तो रंग बर्बेरिनचा. आपली दारुहळद याच बर्बेरिस कुळातली, तिच्या लाकडातही तेच द्रव्य आहे.

हातात जाड चामड्याचे मोजे हवेतच. छाटण खाली जाड कापड अंथरून त्यावरच पाडा. मातीत राहिलेले वाळके काटे पुढे तण उपटताना बोटात शिरतात.

दुसरी मोठी चूक जागेची. कुंडीतलं वीतभर रोप पाहून लोक ते पायवाटेला चिकटून लावतात. ते तीन मीटर उंच होतं, रुंदीला त्याहूनही जास्त पसरू शकतं, शिवाय बुडातून धुमारे फुटतात. मग येता-जाता कपडे अडकतात. मोठं झाल्यावर उपटून हलवलेलं या झुडपाला मानवतही नाही, म्हणून जागा पहिल्यांदाच विचार करून ठरवा.

पानं पिवळी पडून गळू लागली तर खताची पिशवी उघडू नका. आधी मुळाशी खणून बघा, पाणी साचलेलं असू शकतं. माती साधी चालते, चुनखडीचीही चालते, पण चिखल चालत नाही.

निळसर-काळ्या फळांतलं बी पेरून तेच झुडूप मिळेल असं समजू नका. संकर असल्याने रोपं आजी-आजोबांवर कशीही जातात. ऑगस्टच्या सुमारास अर्धवट पिकलेल्या फांदीचं, बुडाला जुन्या लाकडाचा पापुद्रा ठेवून घेतलेलं कलम लावा.

बाग लहान असेल तर याच संकरातली 'कोरॅलिना कॉम्पॅक्टा' घ्या. ती गुडघ्याच्याही खालीच राहते आणि तिच्या कळ्या पोवळ्याच्या रंगाच्या असतात.