टायमर पोर्ट करताना या चुका टाळा

नव्या बोर्डावर आरटीओएस (ठरल्या वेळेत कामं उरकणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) चढवला, एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकला, की टायमरचं काम संपलं असं वाटतं. भोसरीत एका मोटर कंट्रोलरवर काम करताना मलाही तसंच वाटलं होतं. बोर्ड टेबलावर चोख चालायचा. मशीनवर बसवला की दिवसातून दोन-तीनदा ‘मोटर सुरू झाली नाही’ म्हणून ट्रिप व्हायचा. मोटर तर फिरत असायची. आम्ही नॉइजला दोष दिला, सप्लाय बदलला, केबलला फेराइट लावले. दोष निघाला वेळ वाचणाऱ्या चार ओळींत.

टायमर १६ बिटांचा, १ मेगाहर्ट्झवर चालणारा. म्हणजे दर ६५.५३६ मिलिसेकंदांनी तो शून्यावर यायचा. काउंटर असा उलटला (ओव्हरफ्लो) की इंटरप्ट येतो, म्हणजे चालू काम थांबवून हँडलर नावाचा छोटा कोड चालतो. त्यात मेमरीत ठेवलेला वेळेचा वरचा भाग एकाने वाढवायचा आणि काउंटर हा खालचा भाग त्याला जोडून वेळ काढायची, ही नेहमीची पद्धत. पण वरचा भाग वाचून झाला आणि खालचा वाचेपर्यंत काउंटर उलटला, की वेळ ६५ मिलिसेकंदांनी मागे जाते. मग ‘आत्ता वजा सुरुवात’ ही ३२ बिटांची अनसाइन्ड वजाबाकी ४२९ कोटींच्या आसपास पोचते आणि टाइमआउट तत्क्षणी संपतो.

बरेच जण वरचा भाग, खालचा भाग, पुन्हा वरचा भाग असं वाचतात आणि वरचा बदलला असेल तर सगळं परत वाचतात. इंटरप्ट चालू असताना हे ठीक आहे. क्रिटिकल सेक्शनमध्ये, म्हणजे इंटरप्ट बंद ठेवून चालणाऱ्या कोडमध्ये मात्र वरचा भाग बदलणारच नाही, कारण तो बदलणारा हँडलरच अडकलेला असतो. तिथे काउंटर वाचल्यावर ओव्हरफ्लोचा फ्लॅग (काउंटर उलटल्याची खूण ठेवणारा बिट) बघावाच लागतो. तो लागलेला असेल तर काउंटर पुन्हा वाचा आणि वरच्या भागात १ मिळवा. आमचा दोष नेमका इथे होता.

याचंच भावंड म्हणजे हुकलेला कंपेअर. कंपेअर रजिस्टरमधल्या आकड्याला काउंटर पोचला की इंटरप्ट येतो. १० मायक्रोसेकंदांनी उठव असं सांगितलं, पण रजिस्टरमध्ये आकडा लिहीपर्यंत काउंटर पुढे निघून गेला. आता तो पूर्ण फेरी मारूनच परत येणार. ३२ बिटांच्या काउंटरवर १ मेगाहर्ट्झला ही फेरी ७१ मिनिटांहून मोठी असते. टास्क मेला असंच वाटतं. कंपेअर लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाचा, वेळ टळली असेल तर इंटरप्ट स्वतः पेंड करा, म्हणजे तो आल्याची खूण कोडमधूनच लावा. आवर्ती टिकसाठी, म्हणजे ठरावीक अंतराने येणाऱ्या ठोक्यासाठी, पुढचा आकडा मागच्या कंपेअरमध्ये मिळवायचा, आत्ताच्या काउंटरमध्ये नाही, नाहीतर हँडलरला झालेला प्रत्येक उशीर साठत जातो.

३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवरून १ मिलिसेकंदाचा टिक काढू नका. ३२.७६८ चे ३२ केलेत तर घड्याळ दिवसाला सुमारे साडेचौतीस मिनिटं पुढे पळतं. सरळ १०२४ हर्ट्झचा टिक घ्या. सिसटिक (एआरएम कॉर्टेक्स-एम प्रोसेसरमधला टिकचा टायमर) ज्या आकड्यापासून उलटा मोजतो तो रीलोड एकाने कमी असतो: ७२ मेगाहर्ट्झला ७१,९९९. एकाची चूक दिवसाला १.२ सेकंद खाते. शिवाय तो २४ बिटांचाच आहे, या वेगाला ०.२३३ सेकंदांपलीकडे मोजत नाही.

एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवर एपीबी बसचा (टायमरसारखे भाग जोडणाऱ्या आतल्या मार्गाचा) प्रीस्केलर, म्हणजे क्लॉकला भागणारा आकडा, १ नसेल तर त्या बसवरच्या टायमरना बसच्या दुप्पट क्लॉक मिळतो. हे विसरलात की सगळे डिले निम्मे होतात. एलईडीकडे बघून अंदाज करू नका. टिकला पिन टॉगल करा आणि मोजा. त्यासाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेला साधा लॉजिक अ‍ॅनालायझरही पुरतो.

इंटरप्टचा फ्लॅग हँडलरच्या सुरुवातीलाच पुसा. शेवटच्या ओळीत पुसलात तर ते लिखाण पेरिफेरलपर्यंत (इथे टायमरपर्यंत) पोचण्याआधीच हँडलर संपतो, लगेच दुसऱ्यांदा चालतो आणि टिक दुप्पट मोजले जातात.

आणि १ मिलिसेकंदाचा ३२ बिटी टिक ४९.७ दिवसांनी उलटतो. तेवढं थांबून कोणी टेस्ट करत नाही. टिकची सुरुवातच कमाल आकड्याच्या ६०,००० अलीकडून करा, एका मिनिटात कळेल.