डेस्कटॉपची सर्व्हिसिंग: आधी अर्थिंग, मग धूळ, पार्ट शेवटी

डेस्कटॉप चालू होईना की ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य लगेच कानावर येतं. कोल्हापूर परिसरात त्याआधी तीन गोष्टींवर संशय घ्यावा: वीज, धूळ आणि ओल. त्या निस्तरल्यावरच पार्टच्या दुकानाची पायरी चढा.

अर्थिंग

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात? तसं होत असेल तर काम इथूनच सुरू करायचं. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या) तोंडाशी जो फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे एकेक लहान कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग नीट असेल तर त्यातून येणारी किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर अख्ख्या कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मे, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा, म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या. पण चालू मशीनला एचडीएमआय किंवा लॅन केबल खुपसताना तोच करंट पोर्टमधून वाट काढू शकतो आणि पोर्ट मरतो.

मल्टिमीटर एसीच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा पाहा. ती चुकून अँपियरच्या भोकात असेल तर प्लगमध्ये टेकवताच थेट शॉर्ट. सॉकेटचं अर्थचं मोठं भोक वर धरलं तर समोरून पाहताना फेज उजवीकडे हवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत यायला हवं. मेन्स मोजायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तरी कॉम्प्युटर बिनतक्रार चालतो, आणि फसगत इथेच होते. बोर्डावरचं बटण मग न्यूट्रल तोडतं आणि फेज आत जिवंत राहतो. म्हणून झाकण काढण्याआधी बटण बंद करून भागत नाही, पॉवर कॉर्ड मागून उपसून बाजूला ठेवायची.

झाकण काढण्याआधी

डेटाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मदरबोर्डवरचा बटण सेल बदलला किंवा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) रीसेट झालं तर मशीन ४८ आकडी की मागू शकतं, आणि ती नसेल तर धडधाकट डिस्कवरचा डेटाही हाती लागत नाही. बायोसमधला बूटचा क्रम आणि साटा मोड (डिस्क जोडणीची पद्धत) यांचा मोबाइलवर फोटो काढा.

मशीन शटडाउन करा (स्लीप नव्हे), कॉर्ड काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज उतरतो. फ्रंट पॅनलच्या बारीक वायरी कशा लागल्या आहेत याचा जवळून फोटो घ्या, परत लावताना तोच कामाला येतो.

अंगावरच्या स्टॅटिक विजेपासून पार्ट वाचवायला रिस्ट स्ट्रॅप (मनगटी पट्टा) वापरा आणि त्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो नसलेली घरगुती वायर मनगटाला बांधू नका. पट्टा नसेल तर दर थोड्या वेळाने त्या उघड्या पत्र्याला हात टेकवा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत याची गरज जास्त. स्टॅटिकने दुखावलेली चिप त्याच दिवशी मरेलच असं नाही, म्हणून पुढे बिघडल्यावर कारण सापडत नाही.

एसएमपीएस उघडायचा नाही. २३० व्होल्टचं डीसी केल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि कॉर्ड काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात. बाहेरून जाळीतली धूळ झटका, तेवढं पुरे.

धूळ कुठली, त्यावर सफाई

इचलकरंजीत यंत्रमागाच्या खोलीशेजारच्या मशीनमध्ये सुताची तूस असते. ती फॅन आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) यांच्या मध्ये घोंगडीसारखी थर धरते. वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि प्रोसेसर मात्र भाजत असतो. इथे नुसती हवा मारून उपयोग नाही, थर अजून घट्ट बसतो. फॅन सुटा करून तूस चिमट्याने ओढून काढायची.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपच्या ऑफिसात धूळ काळी आणि जड असते. थोडी कागदावर घ्या आणि खालून चुंबक फिरवा (हार्ड डिस्कपासून लांब). कण उभे राहिले तर त्यात लोखंड आहे, म्हणजे ती वीज वाहू शकते. ही धूळ ब्लोअरने उडवली तर रॅमच्या स्लॉटमध्ये आणि पोर्टमध्ये जाऊन बसते. बोर्ड उभा धरून मऊ ब्रशने खाली झाडत न्यायची. इथली सफाई तीन महिन्यांनी. घरच्या मशीनला वर्षातून एकदा पुरते.

गुऱ्हाळाच्या हंगामात चिपाडाचा धूर आणि फडात पाचट जाळल्यावर येणारी काजळी यांचा थर चिकट असतो. तो कोरड्या ब्रशला दाद देत नाही. फॅनची पाती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, उदबत्ती काही नको, ते लगेच पेटतं. थिनर किंवा पेट्रोल लावल्यास प्लास्टिक विरघळू शकतं.

कुठलीही धूळ असो, हवा मारताना फॅन बोटाने अडवा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरून बेअरिंग घालवतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा मोह टाळा. टाकीत साचलेलं पाणी आणि तेल हवेबरोबर बोर्डावर येतं, पावसाळ्यात तर हमखास.

हीटसिंक आणि पेस्ट

लोडवर तापमान सतत ९० अंशांच्या वर जात असेल आणि धूळ काढूनही उतरत नसेल तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला. आधी मशीन दहा मिनिटं चालवून घ्या, म्हणजे सुकलेली पेस्ट सैल होते. मग बंद करून, कॉर्ड काढून कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा, सरळ वर ओढू नका. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात; झटका दिला तर लॉक लागलेला असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. तिथे कापूस, ब्रश, बोट काहीच लावायचं नाही.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा. नवी पेस्ट मधोमध, मटकीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठी. तर्रीसारखी ओतली म्हणून गारवा वाढत नाही, जादा पेस्ट कडेने सांडते एवढंच. इंटेलच्या प्लास्टिक पिनांचा कूलर असेल तर पिना तिरक्या जोडीने दाबा: एक कोपरा, मग समोरचा. चारही पिना बोर्डाच्या मागे आरपार दिसल्या पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर कलतो आणि मशीन थोड्याच वेळात तापून बंद पडतं.

डिस्प्ले नाही, फॅन फिरतो

आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की मदरबोर्डला, ते बघा. कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी. मग प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची पॉवर केबल. त्यानंतर रॅम.

ओल धरलेल्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर झिल्ली चढते. पांढऱ्या मऊ खोडरबराने एकाच दिशेने दोनदा-तीनदा, चुरा स्लॉटपासून लांब झटका, वरून अल्कोहोल. दर महिन्याला घासत बसू नका, सोन्याचा थर पातळ असतो. चार स्लॉट असतील आणि दोनच रॅम, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. बसत नाही म्हणून जोर लावला तर स्लॉटच फुटतो.

घड्याळ मागे पडत असेल तर सीआर२०३२ सेल मोजा. नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली आला की बदला.

एसएमपीएस तपासायला तो मशीनमधल्या सगळ्या पार्टांपासून सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर (१६ नंबर) शेजारच्या काळीला क्लिपने जोडा, एक फॅन लोड म्हणून लावा आणि मगच कॉर्ड. मल्टिमीटरवर दिसायला हवं: पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. आकडे बरोबर आले तरी तो निर्दोष ठरत नाही. लोड आल्यावर व्होल्टेज पाडणारे एसएमपीएस या चाचणीत पास होतात. मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस बदलला तर जुन्या केबल वापरू नका. एसएमपीएसच्या बाजूचं कनेक्टर सारखं दिसतं, पण पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळते.

वळीव, पाऊस, पूर

वळवाच्या गडगडाटात पॉवर कॉर्डबरोबर लॅन केबलही काढा, वीज तिथूनही येते. मागच्या बाजूला कार्डांच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या असतील तर झाकणं लावा. पाली आणि उंदीर तिथूनच शिरतात. पावसाळ्यात पडून राहिलेलं मशीन आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालवा.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी घरा-दुकानांत शिरलं. असं बुडालेलं मशीन ‘चालतंय का बघू’ म्हणून लावायचं नाही. आधी बटण सेल काढा. तो ओल्या बोर्डावर गंजाचं काम चालूच ठेवतो. एसएमपीएस भंगारात. बोर्ड आणि रॅम स्वच्छ पाण्याने गाळ जाईपर्यंत धुवा, मग अल्कोहोलने, आणि पंख्याखाली सावलीत किमान दोन दिवस. हार्ड डिस्क मात्र धुवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. बहुतेक डिस्कना एक बारीक श्वासछिद्र असतं, त्यातून गाळ आत गेलेला असू शकतो आणि एकदा प्लेट फिरली की हेड तोच गाळ घासत डेटा खरवडून काढतं. आहे तशी ओली प्लास्टिक पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडे द्या.