केबल किती सोडलीय?

"बुडालेली जहाजं शोधायचीत, कुठला डायव्हिंग कोर्स करू?" असं नवी मुलं विचारतात. करा कोर्स. पण मी पाण्याखाली जेवढा वेळ घालवला, त्याच्या कितीतरी पट वेळ बोटीवर लॅपटॉपवर ताडपत्री धरून, ओकारी आवरत बसण्यात गेलाय. बोट लागते मला, अजूनही.

साइड स्कॅन सोनार आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र देतो, गाळाखालचं काही दाखवत नाही. मॅग्नेटोमीटरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राला, गाळातलं लोखंडही कळतं, पण अंतर दुप्पट झालं की खूण आठ पटींनी मंदावते. एक टन लोखंड 10 मीटरवरून सुमारे 10 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) दाखवेल, 20 मीटरवरून जेमतेम सव्वा. गोव्याजवळ सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या जहाजाचे अवशेष मिळाले. त्यातल्या हस्तिदंताकडे, पाणघोड्याच्या दातांकडे आणि चिनी भांड्यांकडे हे यंत्र ढुंकूनही बघणार नाही. आणि कोकणातला काळा दगड स्वतःच चुंबकीय, त्यामुळे दर तिसरं खडप तोफ असल्याचा आव आणतं.

एवढं तुम्ही वाचलेलं असेलच. मी आपटलो ते लेबॅकवर.

जीपीएसचा अँटेना बोटीवर असतो, सेन्सर मागे केबलला. सेन्सर बोटीपासून किती मागे आहे, म्हणजेच लेबॅक, हे सॉफ्टवेअरला आपण सांगायचं. पहिल्या दिवशी केबल 30 मीटर सोडली होती, आकडा भरला. दुसऱ्या दिवशी पाणी खोल, म्हणून 55 सोडली. आकडा तसाच राहिला. म्हणजे प्रत्येक खूण जवळजवळ 25 मीटर पुढे सरकली, बोट चालली त्या दिशेला.

उलटसुलट लाइनी, म्हणजे बोटीच्या सरळ फेऱ्या, मारल्या असत्या तर उत्तरेकडे जाताना खूण उत्तरेला, परतताना दक्षिणेला पडली असती. एकाच वस्तूच्या 50 मीटर अंतरावर दोन जागा दिसल्या असत्या आणि चूक तिथेच पकडली गेली असती. पण वारा होता, बोट एकाच दिशेला जरा शहाण्यासारखी चालत होती, म्हणून सगळ्या लाइनी उत्तरेकडेच मारल्या. नकाशा इतका देखणा आला की शंका कोण घेणार? आमच्या सीनियरांचं म्हणणं, सॉफ्टवेअर बघून घेतं. नाही घेत. दोन मीटरपुढचं न दिसणाऱ्या पाण्यात डायव्हर दोन दिवस वाळू चाचपत राहिले. मला बोटीवर कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना.

असं झालं म्हणून करिअर संपत नाही. माझं नाही संपलं. मूळ नोंदी आणि केबलची लांबी वेळेसकट वहीत लिहिलेली असेल तर डेटा घरी बसून दुरुस्त होतो. वही नसेल तर मात्र बोटीचं भाडं पाण्यात गेलं समजा. केबलवर दर पाच मीटरला रंगीत टेप लावा, आणि रोज निदान एक लाइन उलटी मारा, वारा असो नसो.

आणखी एक. महागडं यंत्र भाड्याने आणण्याआधी तांडेलाकडे, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाकडे, जा, चहा घ्या, जाळं कुठे अडकतं ते विचारा. आमचा तांडेल पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "तिथे ट्रॉलरवाल्याचा नांगर तुटलाय, साहेब." मी हसून सोडून दिलं. आकडे सुधारून पुन्हा उतरलो तेव्हा नेमका तोच निघाला, साखळीसकट.