कढईपर्यंत पोचायला मला आठ महिने लागले

एका कुटुंबाच्या चिनी हॉटेलात कामाला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मला आगीजवळ कुणी जाऊच दिलं नाही. मागच्या दाराशी एक उलटा घातलेला क्रेट, समोर मटाराच्या चपट्या शेंगांचं खोकं आणि शेजारी त्या घरातली आजी. तिनं एक शेंग उचलली, देठाकडचं टोक नखानं मोडून दोरा ओढला, शेंग उलटी करून दुसऱ्या बाजूचाही काढला आणि माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी सात-आठ शेंगा सोलल्या. त्यातल्या दोन तिनं परत माझ्या पुढ्यात टाकल्या. दुसऱ्या बाजूचा दोरा राहिला होता.

मी कढई शिकायला आले होते आणि माझ्या हाती शेंगा आल्या होत्या. त्या दिवशी वाईट वाटलं. आज कुणी नवखं मला विचारतं, एखाद्या कुटुंबानं चालवलेल्या चिनी हॉटेलात काम धरू का, तेव्हा मी आधी याच शेंगांबद्दल सांगते. गल्लीतली माणसं वर्षानुवर्षं ज्या चवीसाठी तिथे येतात, ती बहुतेक सगळी दुपारच्या या कामांत तयार झालेली असते. कढईवर एक पदार्थ दीड-दोन मिनिटांत होतो. त्याच्यामागे पाच-सहा तासांची तयारी असते, आणि दोरा राहिलेली शेंग गिऱ्हाइकाच्या दाताखाली आली की त्या दोन मिनिटांतली कितीही मोठी करामत वाया जाते.

मोठ्या कँटनीज स्वयंपाकघरात कामाच्या जागा ठरलेल्या असतात. कढईवरचा आचारी वेगळा, चिरणारा वेगळा, वाफेवरचं बघणारा वेगळा, मासे साफ करणारा वेगळा. चिरणारा आणि कढईवाला यांच्यामध्ये उभा राहणारा एक असतो, त्याला ‘दा हो’ म्हणतात. चिरलेलं सामान ऑर्डरच्या क्रमानं कढईपाशी मांडणं, ताटल्या तयार ठेवणं, झालेला पदार्थ पुसूनसवरून पुढे सरकवणं ही त्याची कामं. घरगुती हॉटेलात तीन-चार माणसंच या सगळ्या जागा सांभाळतात. नवख्या माणसानं ‘दा हो’ची जागा मिळावी अशी इच्छा धरावी, कारण कढईवाल्याचा हात सर्वांत जवळून तिथूनच दिसतो. मुख्य आचाऱ्याला सगळे ‘सिफू’ म्हणतात, म्हणजे गुरू. तुम्हीही तसंच म्हणा, नावानं हाक मारू नका.

आमचे सिफू फारसं बोलायचे नाहीत. चुकलं की काम माझ्या हातातून काढून घ्यायचे, एकदा करून दाखवायचे आणि परत द्यायचे. सुरुवातीला मला तो राग वाटायचा. ती त्यांची शिकवायची रीत होती हे कळायला दोन महिने गेले. तुम्हाला पाठ्यपुस्तकासारखं कुणी समजावून सांगणार नाही, म्हणून शेजारी उभं राहून बघायची सवय लावून घ्या. वही ठेवा, पण ती घरी गेल्यावर उघडा.

सुऱ्याबद्दल. चिनी सुरा चौकोनी आणि रुंद असतो, म्हणून तो हाडं तोडायचा असावा असं वाटतं. रोजच्या वापरातला सुरा पातळ असतो आणि हाडावर मारला तर त्याची धार तुटते. हाडांसाठी जाड, जड सुरा वेगळा असतो. पात्याच्या सपाट बाजूनं लसूण ठेचायची, चिरलेलं उचलून भांड्यात टाकायचं, मागच्या कडेनं मांस ठोकायचं, सगळं त्या एका सुऱ्यानंच. डाव्या हाताची बोटं आत वळवून पेरांना पातं टेकवून चिरायला शिका. वेग आपोआप येतो, तो मागे लागून आणायचा नसतो.

मग मांस मुरवणं. पातळ कापलेल्या चिकनला अंड्याचा पांढरा भाग, कॉर्नफ्लोअर, थोडं मीठ नि जराशी राइस वाइन चोळून ठेवतात आणि ऑर्डर आली की ते बेताच्या गरम तेलातून अर्धा-पाऊण मिनिट फिरवून काढतात. बाहेरचा लेप आतलं पाणी धरून ठेवतो, म्हणून हॉटेलातलं चिकन इतकं मऊ लागतं. बीफमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडाही घालतात. तो जास्त झाला की मांसाला साबणासारखी चव येते. एकदा माझ्या हातून तसं झालं, आणि सिफूंनी अख्खा डबा बाजूला काढून ठेवला, गिऱ्हाइकाला दिला नाही. त्या दिवसापासून मी सोडा चमच्यानं मोजूनच घालते.

सॉसच्या बाटल्या ओळखायला पहिल्याच आठवड्यात शिका. फिका सोया सॉस खारटपणासाठी, गडद सोया सॉस मुख्यतः रंगासाठी. दोन्ही काळेच दिसतात. बाटली तिरकी करून सरळ करा. गडद सॉस दाट असतो, तो काचेला चिकटून हळूहळू उतरतो. कॉर्नफ्लोअर नेहमी गार पाण्यात कालवायचं आणि दर वेळी वापरण्याआधी ढवळायचं, कारण ते पाच मिनिटांत तळाशी बसतं. न ढवळता वरचं पाणीच ओतलं तर रस्सा पातळ राहतो, आणि मग खालचा गोळा घातला की त्याची खळ होते.

भात हा जपण्याचा विषय आहे. फ्राइड राइसला आदल्या दिवशीचा भात लागतो, कारण गार झाल्यावर शितं कोरडी होऊन सुटी राहतात. पण शिजवलेला भात ओट्यावर तासन्‌तास पडू देणं धोक्याचं आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा परतलं तरी जात नाही. भात पसरट ट्रेमध्ये पातळ पसरून एक-दोन तासांत गार करायचा आणि लगेच फ्रीजमध्ये. घाईच्या दिवशी हे राहून जातं. शेवटी निघणारी व्यक्ती तुम्ही असाल तर भाताचे ट्रे बघून मगच दिवे बंद करा.

आता कढई. हॉटेलातल्या शेगडीची आच घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते, तिचा आवाजच अंगावर येतो. बऱ्याच शेगड्यांना गुडघ्यानं सरकवायचा दांडा असतो, त्यानं आच कमी-जास्त करायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. डोक्यासमोर पाण्याचा नळ असतो. एक पदार्थ झाला की त्याच पाण्यानं, बांबूच्या कुंच्यानं कढई धुऊन पुन्हा आगीवर वाळवायची. लोखंडी कढईला तेलानं चढलेला काळा थर असतो, तो साबणानं आणि घासणीनं ओरबाडू नका. कँटनीज माणसं ज्याला ‘वोक हेई’ म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास, तो धुरकट, खमंग वास प्रखर आच, चढलेली कढई आणि बेताचं सामान या तिन्हींच्या मेळातून येतो. कढई ओसंडेस्तोवर भरली की सामानाला पाणी सुटतं आणि परतणं राहून ते उकडतं.

कढईतलं सामान उडवून झेलायची माझी शिकवणी मिठावर झाली. गार कढई, दोन किलो जाड मीठ, हातात घडी केलेलं ओलं फडकं. ढकलायचं, मग ओढायचं. कढई शेगडीच्या कडेवर टेकलेली ठेवायची, सगळं वजन खांद्यावर घ्यायचं नाही. 2020 साली जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी आचाऱ्यांची चित्रणं तपासून फ्राइड राइस झेलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की सराईत आचारी सेकंदाला जवळपास तीन वेळा कढई हलवतो. चिनी आचाऱ्यांमध्ये खांद्याचं दुखणं किती सर्रास आहे, त्याचाही उल्लेख त्यात आहे. आमच्या सिफूंचा उजवा खांदा पूर्ण वर जात नसे. ही शोभेची गोष्ट नाही. पहिल्यापासून कडेचा टेकू घ्या आणि खांदा दुखायला लागला की सांगा.

भाजलं तर गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, बर्फ लावू नका. तेल पेटलं तर पाणी कधीही नाही. गॅस बंद करून झाकण ठेवा.

तुम्हाला कदाचित पुढे, फोनवर आणि गल्ल्यावर बसवतील. ते दुय्यम काम समजू नका. मालकीणबाई आवाजावरून माणूस ओळखायच्या. कुणाला आलं चालत नाही, कुणाच्या घरी पाहुणे आले की दोन सूप जास्त लागतात, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. ऑर्डर घेतली की ती परत वाचून दाखवा. ॲलर्जीचा प्रश्न आला तर ‘नसेल’ हा शब्द तोंडात आणू नका. ‘आत विचारून सांगते’ म्हणा आणि खरंच जाऊन विचारा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, ऑयस्टर सॉस शिंपल्यांपासून होतो आणि तळणाचं तेल सगळ्यांना एकच असतं.

अजिनोमोटोबद्दलही विचारणा होतेच. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्रशैवालातून ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतला चवीचा घटक, वेगळं करून त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. 1968 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी हॉटेलात जेवल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांचं एक छोटं पत्र छापून आलं, आणि त्यातून ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ हे नाव पसरलं. पुढच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणानं तसा त्रास होतो हे खात्रीनं दिसलं नाही. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही ग्लुटामेट असतंच. तरी गिऱ्हाइकाशी वाद घालू नका. वेगळं घालत नसाल तर तसं सांगा, बाटलीतल्या सॉसमध्ये असेल तर तेही सांगा.

‘हे खरं चिनी जेवण आहे का’ असंही कुणी विचारेल. जनरल त्सोज चिकनचंच घ्या. हूनान प्रांतातले आचारी पेंग चांग-क्वेई यांनी तो पदार्थ 1950च्या दशकात तैवानमध्ये रचला, आणि 1970च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तो गोड, कुरकुरीत झाला. परक्या मुलुखात मिळेल त्या भाजीनं आणि समोरच्याच्या जिभेला रुचेल तशा चवीनं या कुटुंबांनी चूल पेटती ठेवली. अमेरिकेत 1882च्या कायद्यानं चिनी मजुरांना दार बंद केलं होतं, व्यापाऱ्यांना सूट होती. 1915च्या एका न्यायालयीन निकालानं हॉटेलमालकही त्या सुटीत बसू लागले, आणि मग भागीदारी करून हॉटेलं काढायचं प्रमाण वाढलं. तो कायदा 1943 मध्ये रद्द झाला. हे वाचल्यावर त्या मेन्यूकार्डाकडे बघायची माझी नजर बदलली. गोडसर सॉसला नाकं मुरडणाऱ्यांचं मला आता पटत नाही.

घरचं जेवण वेगळं असायचं. संध्याकाळच्या गर्दीआधी सगळे एका गोल टेबलाशी बसत. वाफवलेला मासा, हिरवी पालेभाजी, हाडांचं सूप. त्या वेळी तुम्ही हजर असायलाच हवं. ‘जेवलीस का?’ हेच तिथलं ‘कशी आहेस?’ असतं. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते मृतांपुढच्या उदबत्तीसारखं दिसतं. कुणी चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करा, तेच आभार. नवीन चांद्रवर्षाला मालकांकडून लाल पाकीट मिळेल. दोन्ही हातांनी घ्या, त्यांच्यासमोर उघडू नका. आजीचा नातू कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करायचा आणि तिला ‘पो पो’ म्हणायचा. पहिल्या हिवाळ्यानंतर मीही म्हणायला लागले.

या जिव्हाळ्यातच एक अडचण आहे, ती स्पष्ट सांगते. ‘आपण घरचेच’ म्हणत तास वाढतात आणि हिशोब तोंडी राहतो. याआधीच्या एका ठिकाणी माझे तीन आठवड्यांचे जादा तास असेच हवेत गेले, कारण लिहिलेलं काहीच नव्हतं. पगार, तास, सुट्टी, टिप कशी वाटली जाते, हे पहिल्या दिवसाआधी कागदावर घ्या. परदेशात असाल तर तुमच्या कामाच्या परवान्यावर किती तास काम चालतं तेही आधी बघा. विचारल्यानं नातं बिघडत नाही. आमच्या मालकीणबाईंनी तर मी विचारल्यावर स्वतःच वही काढली.

आणि सोडताना महिनाभर आधी सांगा, नववर्षाच्या तोंडावर तर मुळीच सोडू नका. मी निघाले तेव्हा नव्या मुलाला चार संध्याकाळी सोबत घेतलं. बाटल्या तिरक्या करून दाखवल्या, भाताचे ट्रे दाखवले. तो सारखा कढईकडे बघत होता. मी त्याला मागच्या दाराशी नेलं. पो पो तिथे बसलेलीच होती, तिनं पायानं दुसरा क्रेट पुढे सरकवला.