कॅपिटल शिकवायचंय? आधी इंग्रजीचं पुस्तक मिटा

तिसरीला इंग्रजीतली कॅपिटल अक्षरं कुठे वापरायची हे शिकवायचं म्हटलं की आपण फळ्यावर नियम लिहून मोकळे होतो: माणसांची, गावांची, वारांची नावं पहिल्या लिपीनं, म्हणजे कॅपिटलनं, सुरू करा. पोरं नियम घडाघडा म्हणतात आणि वहीत स्वतःचंच नाव दुसऱ्या लिपीत, म्हणजे स्मॉलमध्ये, लिहितात, 'मँगो' मात्र पहिल्या. त्यांचं तरी काय चुकलं? देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच, त्यामुळे विशेषनाम डोळ्यांनी ओळखायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते. कानाला मात्र ते बरोबर कळतं. म्हणून मी पहिला तास मराठीतच घेते.

फळ्यावर दोन वाक्यं लिहा: 'पूजाला बोलाव' आणि 'पूजेला बस'. मोठ्यानं वाचून घ्या. मग अदलाबदल करा: 'पूजेला बोलाव, डबा खायला!' वर्ग खिदळतो आणि काम झालेलं असतं. माणसाचं नाव प्रत्यय लागला तरी सहसा जसंच्या तसं राहतं, साधं नाम मात्र आपलं रूप बदलतं. कविताला वही दे, पण कवितेला चाल लाव. आकाशला हाक मार, पण झाड आकाशाला भिडलं. हजेरीपटातून अशी नावं पोरांनाच शोधू द्या. कुणीतरी 'रामाला' म्हणून अडवणारच. देवांची आणि जुन्या वळणाची नावं रूप बदलतात, हे सरळ सांगून टाका. गावांना ही युक्ती लावू नका. नाशिकला ठीक, पण पुण्याला म्हणताच ती फसते.

गावं-नद्यांसाठी 'पुष्कळ' लावून बघायचं. पुष्कळ नद्या चालतं, पुष्कळ गोदावऱ्या म्हटलं की पोरं स्वतःच नको म्हणतात. इथेही एक पळवाट आहे: पुष्कळ सोमवार अगदी खुशाल म्हणता येतं. वार आणि महिने तर्कानं शिकवायच्या भानगडीत पडूच नका, पाठ करून घ्या. सोबत हेही सांगा की मे कॅपिटल, पण समर स्मॉल. दिवाळी कॅपिटल. भाषेचं नावही कॅपिटल. मराठी, इंग्लिश हे शब्द मोठी माणसंसुद्धा स्मॉलमध्ये लिहितात.

आता चाररेघी वही काढा. खरी गोम इथे आहे. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड यांची दोन्ही रूपं दिसायला सारखीच, फरक फक्त उंचीचा. ओंकार आणि सुरेश यांना नियम येत असूनही मार्क जातात ते यामुळे. म्हणून सरावाला 'ए' आणि 'बी'ची नावं देत बसू नका, याच अक्षरांची द्या. पहिलं अक्षर वरच्या लाल रेघेला टेकलंय का, एवढंच शेजारच्यानं तपासायचं.

त्यानंतर दोन शब्दांची नावं. गंगापूर धरण इंग्रजीत लिहायला सांगितलं की गंगापूरचा जी मोठा येतो, डॅमचा डी लहानच राहतो. 'नुसतं धरण म्हटलं तर कुठलंही. गंगापूर धरण म्हटलं की एकच. मग त्याचं अख्खं नाव मोठं,' एवढं पुरतं.

दुकानांच्या पाट्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. शाळेसमोरच्या मेडिकलची इंग्रजी पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत पहिल्या लिपीत असते, बँकेचा फॉर्मही तसाच भरायला लावतात. पाटी लांबून वाचायची असते, फॉर्ममधलं अक्षर न् अक्षर सुटं दिसायला हवं असतं. वहीतल्या वाक्याला ती सोय लागत नाही. हीच पाटी पोरांना घरून नीट लिहून आणायला सांगा, गृहपाठाला याहून बरं काही मला सापडलेलं नाही.

तपासताना सुरुवातीला फक्त सुटलेल्या कॅपिटलखाली रेघ मारा. स्पेलिंगला त्या आठवड्यात हात लावू नका.