मोटरचं चाक चढावर गरगरायचं, त्यावर केलेला उपाय

मुलीच्या व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक घेतलं. सपाटीवर झकास, पण सोसायटीच्या चढावर चाक जागच्या जागी गरगरायचं. अशी जोडणी बहुधा मोठ्यांच्या वजनाच्या हिशेबानं केलेली असते. मूल हलकं, त्यात चढावर भार मागच्या चाकांवर जातो. मग पुढच्या चाकाला पकड कुठून मिळणार?

सीटखाली टांगलेली बॅटरी काढून पुढच्या चाकाच्या वर, हँडलच्या दांड्याला आवळली. वायर वाढवावी लागली. ती मूळच्याइतकी जाडच घ्या, नाहीतर तापते. टायरमधली हवा जराशी कमी केली. फरक लगेच जाणवला.

दुसरं दुखणं क्लॅम्पचं, म्हणजे ही जोडणी खुर्चीच्या नळीला आवळून धरणाऱ्या पकडीचं. तो जाड नळीसाठीचा, आमच्या खुर्चीची नळी बारीक. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, असं सगळे सांगतात. पण रबर दबतं आणि क्लॅम्प फिरतो. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचं दोन तुकड्यांचं बुश, म्हणजे नळी आणि क्लॅम्पमधली फट भरणारं कडं, करून घेतलं. आता तसूभर हलत नाही.

वेग कंट्रोलरमधून ताशी 5 किमीवर बांधलाय. बाईसाहेब त्यावर नाराज आहेत, असोत. खुर्ची मागे उलटू नये म्हणून असलेली छोटी चाकं मात्र कुणी सांगितलं तरी काढू नका.